ओकिरोरच्या रानातली खुरपणी

नाचणी आणि तिचं तण लहानपणी सारखंच दिसतं. पातं तेच, रंग तोच, फुटवाही तसाच. फरक बुडाशी कळतो, तोही चिमटीत धरून बघितलं तर. ज्याची बोटं थरथरतात त्याने काय बघायचं? माझा भाऊ ओकिरोर रानात उकिडवा बसायचा, खुरपं लावायचा आणि तणाबरोबर चांगली नाचणी उपटून मागे टाकायचा. मी मागून यायचे आणि ती नाचणी पुन्हा मातीत खोचत यायचे. एका पातीला दोन माणसं, आणि काम अर्ध्या माणसाचं.

"ताई, तू मागे काय करतेस ते कळतं मला," तो मान न वळवता म्हणायचा.

"मग नीट बघून ओढ की."

"हात ऐकत नाहीत."

"जेवताना बरे ऐकतात."

असं मी बोलायचे. गोळ्यांनी हात कापतात हे मला माहीत होतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आधीच सांगितलं होतं की हात कापतील, सारखी तहान लागेल, सकाळी डोळे उघडणार नाहीत, अंग सुटेल. सगळं तसंच झालं होतं. पण माझ्या जिभेला औषध कुणी दिलं नव्हतं.

त्या साली पाऊस असा पडत होता की त्याला नावं ठेवायलाही जागा नव्हती. दुपारी सर, सकाळी ऊन. नाचणी वाढत होती आणि तण तिच्या दुप्पट वाढत होतं. आमच्या तेसो भागात या दिवसांत सगळ्यांच्या रानात हाच प्रकार, पण सगळ्यांच्या घरात हात होते. आमच्याकडे मी, डोळ्यांनी अधू झालेली आई, आणि हा. ओकिरोरची बायको अजुलो लेकराला घेऊन माहेरी गेली होती. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "वन्सं, नाचणी घरात येईपर्यंत ते असेच शुद्धीवर राहिले तर मी येईन. पिऊन पुन्हा तसे झाले तर नाही येणार. मला मारायचं असेल तर माझ्या माहेरी येऊन मारा." तिला कोण मारणार? मी तिच्या जागी असते तर त्याहून आधी गेले असते. मी स्वतः नवरा सोडून आलेली बाई आहे, मला ते कळतं.

तर नाचणी घरात यायला हवी होती, आणि हा शुद्धीवर राहायला हवा होता. दोन्ही.

आदल्या साली काय झालं ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. ओकिरोर झोपेनासा झाला. बोलायला लागला की थांबेना. आमच्या बैलजोडीतला तांबडा बैल त्याने बाजारच्या दिवशी मधोमध नेऊन कापला आणि आल्यागेल्याला मटण वाटलं. म्हणे उद्या तळ्यातून शंभर बैल चालत येणार आहेत. लोकांनी हात जोडून मटण नेलं. कुणी म्हटलं नाही, की बाबा, तुझं काहीतरी बिनसलंय. मग तो आजोनच्या, नाचणीच्या दारूच्या, भांड्यापाशी बसला तो उठलाच नाही. एका भांड्यावरून दुसऱ्या, एका अंगणातून दुसऱ्या. शेवटी त्याने शेजारच्या झोपडीचं छप्पर ओढून काढलं तेव्हा ज्यांनी मटण नेलं होतं त्यांनीच त्याला आमच्या आंब्याला दोराने बांधलं. त्यानंतर तो असा खाली बसला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, पाणी पाजावं लागायचं. भगत झाला, धूर झाला, मग मी त्याला सायकलच्या मागे बसवून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं.

नर्सबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. माणूस कधी उगाच चढतो, कधी उगाच बुडतो, म्हणाल्या. हा आयुष्यभराचा आहे, पण गोळ्यांनी आवाक्यात राहतो. "आणि दारू बंद. कमी नाही, बंद. एक घोट घेतला की तो दुसरा मागतो, मग गोळ्या सुटतात, मग तुम्ही पुन्हा दोर शोधाल."

घरी आल्यावर आईने अंगणात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "डोक्यात मलेरिया चढला होता. उतरला."

आम्ही तेच धरून ठेवलं. मलेरिया कुणालाही होतो. त्यात लाज नाही.

*

पण मलेरिया उतरलेला माणूस आजोन का पीत नाही? हा प्रश्न आला. आमच्याकडे न पिणारे फक्त तारण झालेले, ते पत्र्याच्या चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे. ओकिरोर तर कॅथलिक, बाप्तिस्म्यालाच घरात भांडं लागलेलं.

मी म्हटलं, तारण तर तारण. ते लोक एकमेकांच्या रानात चहावर खुरपायला जातात. मी त्यांच्या पाद्रीकडे गेले. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, मलाच बरं वाटायला लागलं. मग म्हणाला, "रविवारी आण त्याला. आणि त्या गोळ्या घेऊन ये. सगळ्यांसमोर जाळू. औषधही खायचं आणि देवावरही भरवसा ठेवायचा, असं दोन दगडांवर पाय ठेवून चालत नाही."

"गोळ्या जाळल्या आणि तो पुन्हा तसा झाला तर?"

"तर त्याचा विश्वास कमी पडला."

म्हणजे पाद्रीचं काहीच जाणार नव्हतं. मी इतकी तरातरा चालत आले की चिखलात चपलेचा अंगठा तुटला. घरी आले तर ओकिरोर ऊन डोक्यावर आलं तरी झोपलेला. मी तुटकी चप्पल दारावर फेकली.

"काय झालं ताई?"

"काही नाही. ऊठ. तण वाढतंय."

मग राहिली सावड. आमच्या भागातल्या सावडीचे मुख्य ओदेके काका. आमच्या वडिलांचे चुलतभाऊ, गुडघे मोठे, आवाज त्याहून मोठा. सावडीचा नियम साधा. ज्याच्या रानात काम त्याच्या अंगणात दुपारनंतर आजोनचं भांडं. भोवती स्टुलं, प्रत्येकाची लांब नळी भांड्यात, वरून गरम पाणी ओतत राहायचं. पैसा कुणी देत नाही, मागत नाही. भांडं नाही तर सावड नाही.

मी गेले तेव्हा काका कुणाच्या तरी अंगणात नळी तोंडात धरून बसले होते. नळी न काढताच म्हणाले, "बोल पोरी."

"काका, आमच्या रानात या. तण गुडघ्याला लागलंय."

"येऊ की. भांडं कधी लावताय?"

"भांडं नाही काका. कोंबड्या कापते. कंदाच्या पिठाचा घट्ट आताप रांधते, शेंगदाण्याच्या वाटणातली सुकी मासळी करते. पोटभर जेवा."

नळ्या थांबल्या. मग एकजण म्हणाला, "जेवायला आम्हाला घरी बायका नाहीत का?" आणि सगळे हसले.

"भांडं का नाही?" काकांनी विचारलं. आता त्यांनी नळी तोंडातून काढली होती.

तिथे मला बोलायचं होतं. वाटेने मी शब्द जुळवून आणले होते. पण समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांनी त्याला दोर बांधलेला, आणि त्यांची तोंडं अशी काही उत्सुक झाली, जशी बाजारात भांडण लागल्यावर होतात. माझी जीभ वळली.

"नाचणी नाही," मी म्हणाले. "गेल्या साली पेरणी कुठे झाली आमची? आजोनला घालायला नाचणीच नाही."

"हात्तिच्या!" काका म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. मला वाटलं, सुटले.

*

दोन सकाळींनंतर मी रानातून आले तर अंगणात बायकांचा घोळका. काकांची बायको पुढे, डोक्यावर टोपली. मागे प्रत्येकीच्या हातात काही ना काही, सूप, परडी, कापडात बांधलेलं गाठोडं. सगळ्यांत नाचणी. स्वच्छ, पाखडलेली, लाल. वर्षाच्या शेवटी कणगीच्या तळाशी राहिलेली नाचणी, जी माणूस स्वतःच्या लेकरासाठी राखतो.

"नाही म्हणून बसायचं होय?" काकांची बायको मला म्हणाली. "आम्ही मेलोय का? तुझ्या बापाने आमच्या किती खुरपण्या केल्या."

मी तोंड उघडलं. पण आई माझ्याआधी उठली होती. अधू डोळ्यांची आई, जिला एरवी उंबरा दिसत नाही, ती सरळ चालत गेली, टोपलीत हात घातला आणि जोरात किंकाळी फोडली, आनंदाची. बायकांनीही फोडली. गेल्या सालापासून आमच्या अंगणात अशी किंकाळी झाली नव्हती. आई रडत होती. मी काय बोलणार होते? शिव्या द्यायला तरी कोण समोर होतं? सगळी चांगली माणसं.

त्या संध्याकाळी मी आईशी भांडले.

"तुला माहीत आहे त्याला काय झालंय ते."

"मलेरिया झाला होता."

"आई!"

"मलेरिया," आई म्हणाली. "आणि आता पिठाला खड्डा कोण खणणार, तू की मी?"

खड्डा मी खणला. पीठ भिजवून पानांत गुंडाळून मातीत पुरलं, आंबल्यावर काढलं आणि अंगणात चुलीवर मोठा पत्रा टाकून परतायला घेतलं. आंबलेलं पीठ भाजतानाचा तो वास गावभर जातो, आणि ज्याच्या अंगणातून येतो त्याला लोक हात करतात. वाटेने जाणारा प्रत्येकजण थांबून म्हणायचा, "वा, यंदा ओकिरोरकडे!" मी घामाने थबथबलेली, डोळ्यांत धूर, हातात लाकडी फावडं, आणि तोंडाने 'हो हो' म्हणत होते.

ओकिरोर झोपडीच्या मागे जाऊन बसला होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. त्याने तो एका दमात रिकामा केला.

"वास लपवता येत नाही ताई," तो म्हणाला.

"दोन दिवस माझ्या मैत्रिणीकडे जाऊन राहा. काम झालं की ये."

"माझ्या रानात सगळं गाव खुरपायला येणार आणि मी दुसरीकडे? मग तर माझं काहीच राहिलं नाही."

"मग मी उद्या जाऊन सगळ्यांना खरं सांगते."

"नको!" त्याचा आवाज चढला. तो चढला की मी दोन पावलं मागे सरकते. त्यालाही ते दिसलं, तो हळू झाला. "अजुलोच्या वडिलांना आपण मलेरिया सांगितलाय. मलेरियावाल्याकडे लेक परत पाठवतात. वेड्याकडे कोण पाठवतं?"

"आणि भांड्याचं?"

"नाही पिणार."

"सगळे बसलेले असताना?"

"नाही म्हटलं ना!" त्याने तांब्या माझ्या हातात कोंबला. "तू रोज माझं तोंड हुंगतेस. मी झोपलोय असं तुला वाटतं. मला कळतं."

मी हुंगताना त्याने कधी डोळे उघडले नव्हते. मी तांब्या घेतला आणि पिठाकडे गेले. ते एका बाजूने करपलं होतं.

*

सावड आली तेव्हा गवतावर अजून दव होतं. पुढे काका, खांद्यावर खुरपं नाही, सरळ कुदळ, कारण मुख्याने बांधावरचं मोठं गवत काढायचं असतं. माणसं रानाच्या कडेला एका रेषेत बसली, प्रत्येकाने आपली पात धरली आणि गाणं सुरू झालं. खुरप्यांचा आवाज एकदम उठला तेव्हा मला राग असूनही बरं वाटलं. महिनाभर मी आणि तो जे चिवडत बसलो होतो ते डोळ्यांदेखत साफ होत होतं.

ओकिरोरनेही पात धरली होती. सुरुवातीला तो सगळ्यांबरोबर होता. मग अर्ध्या हाताने मागे, मग हाताने, मग त्याची पात साफ रानात जिभेसारखी एकटीच मागे उरलेली दिसायला लागली, तणाने भरलेली. आमच्याकडे मागे राहिलेल्याच्या पाठीवर तण फेकतात. ती गंमत असते. पोरींच्या लग्नाआधी होणाऱ्या जावयांवर फेकतात. पण रानाच्या धन्यावर फेकलेलं मी पाहिलं नव्हतं.

पहिलं ढेकूळ त्याच्या पाठीवर बसलं.

"धनी झोपला!"

"मलेरिया उतरला का पाय धरून बसलाय?"

तो हसला. त्याने एक ढेकूळ उलट फेकलं. मग कुणीतरी त्याच्या मागे पडलेला ढीग उचलून पाहिला आणि ओरडलं, "अरे, हा तर नाचणी उपटतोय! आपलीच नाचणी!" ढीग हातोहात फिरला. प्रत्येकाने बघितला, प्रत्येकजण हसला. ओकिरोरही हसत होता, पण त्याचे हात आता इतके कापत होते की त्याने ते मांडीखाली दाबले.

"हे हात कशाने थांबतात मला माहीत आहे," काका बांधावरून म्हणाले. "दुपारपर्यंत धीर धर, बेटा. तुझ्या आईने औषध लावून ठेवलंय."

ते प्रेमाने म्हणाले. काकांच्या बोलण्यात कधी विष नव्हतं, हाच तर त्रास होता. पिणाऱ्याचे हात सकाळी कापतात आणि पहिल्या घोटाने थांबतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. याचे हात दारूने नाही, आजाराच्या गोळ्यांनी कापतात हे मी कुणाला सांगणार? मी पाणी आणायच्या निमित्ताने घरी गेले आणि भांड्याच्या झाकणावर एक लाथ मारली. भांडं हललं नाही. माझाच अंगठा सुजला.

*

रान दुपार कलायच्या आत संपलं. शेवटचा तुकडा, म्हणजे ओकिरोरची पात, सगळ्यांनी दोन्ही बाजूंनी मिळून हातासरशी साफ केली.

भांडं आंब्याखाली लावलं. आमच्या अंगणात सावली तेवढीच. ज्या खोडाला दोर बांधला होता त्याच खोडाला टेकून काका बसले. स्टुलं गोल लागली, नळ्या पुसल्या गेल्या. मी चुलीवरचं गरम पाणी आणून ओतलं, वर फेस आला, बुडबुडे फुटले.

कुणी नळी तोंडाला लावेना. सगळे ओकिरोरकडे बघत होते. पहिला घोट रानाच्या धन्याचा. तो ओढतो तेव्हा लोकांना कळतं की भांड्यात काही वाईट घातलेलं नाही आणि घराचं मन साफ आहे. त्याने ओढला नाही तर सावड उठून जाते, आणि त्या घरी परत येत नाही.

काकांनी सगळ्यांत लांब नळी त्याच्यापुढे केली.

"काका, त्याचं पोट बिघडलंय," मी म्हणाले.

"कुठे बिघडलंय?" आई दारातून म्हणाली. "सकाळी दोन वेळा आताप घेतला."

"मग मी ओढते पहिला."

काका हसले नाहीत. "तू लेक आहेस पोरी. रान लेकीचं नसतं. तुझ्या नवऱ्याच्या रानात तू..." तिथे ते थांबले, कारण मला नवराही नव्हता आणि त्याचं रानही नव्हतं. सगळे जमिनीकडे बघायला लागले. माझे कान तापले. गरम पाण्याची किटली माझ्या हातात होती, आणि ती कुठे ओतावी याचे फार वाईट विचार माझ्या मनात आले.

"आण इकडे," ओकिरोर म्हणाला. त्याने नळी घेतली.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. नळी दातांवर कडकड वाजली, इतके हात हलत होते. त्याने ओठ मिटले. मला वाटलं, ओढायचं सोंग करेल. गाल आत गेले. मग त्याचा कंठ हलला. एकदा. खाली आणि वर.

"हो!" सगळे एकदम म्हणाले आणि नळ्या भांड्यात गेल्या. बोलणं सुरू झालं, पावसाचं, कापसाच्या भावाचं. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बघता बघता तो त्यांच्यातला एक झाला. वर्षभरात मी त्याच्याशी एवढी बोलले, एवढी भांडले, त्याच्या गोळ्या सांभाळल्या, त्याची लाळ पुसली, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते समाधान मी एकदाही आणू शकले नव्हते. ते एका घोटाने आलं. मला रडू आलं नाही. मला फक्त दमल्यासारखं झालं. मी किटली घेऊन पाणी भरायला वळले.

"ताई."

मी वळले. त्याने नळी भांड्यातून उपसून जमिनीवर ठेवली होती. तो स्टुलाची कड धरून उठायचा प्रयत्न करत होता.

"ताई, मी एक घोट घेतला."

काकांनी मान वळवली.

"मला अजून पाहिजे," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असा, लहान मुलासारखा स्वच्छ आवाज. "सगळं भांडं पाहिजे. मला इथून उठव. माझा मी उठणार नाही."

कुणीतरी हसलं. "एका घोटाने चढली?"

मग माझा बांध फुटला.

"मलेरिया नव्हता त्याला!" मी ओरडले. "डोक्याचा आजार आहे, मरेपर्यंतचा! रोज गोळ्या खातो म्हणून इथे बसलाय. त्या गोळ्यांनी हात कापतात, ज्याला तुम्ही दिवसभर हसलात. आणि हे प्यायला तर गोळ्या गेल्या, बायको गेली, तो गेला. मग आणा दोर! याच झाडाला बांधा! त्याचा बैल खाल्लात ना सगळ्यांनी? चव लागली ना? तेव्हाही कुणी विचारलं नाही, आणि आज पाठीवर माती फेकलीत!"

आईने अंगावरचं कापड तोंडावर ओढून घेतलं.

कोंबडी भांड्याजवळ टिपत होती. मी ओकिरोरच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. तो जड झाला होता. उभं केल्यावर मला कळलं की त्याला न्यायचं कुठे? झोपडी त्याच अंगणात. दार भांड्याच्या समोर. रानात नेऊ? पाऊस भरून आला होता. मी त्याला धरून तशीच उभी राहिले, ना इकडे ना तिकडे.

काकांनी आपली नळी भांड्यातून काढली. झटकली.

"त्याला कुठे नेतेस?" ते म्हणाले. "त्याचं घर इथे आहे. भांडं न्या."

कुणी हललं नाही. लावलेलं भांडं मधेच हलवत नाहीत. पाऊस आला तरी वर पान धरतात, पण भांडं हलवत नाहीत.

"काका, असं कधी झालंय का?" एकजण म्हणाला.

"आता होतंय. उचला. माझ्या अंगणात न्या. ए, तू बुड धर."

चौघांनी भांडं उचललं. ते काठोकाठ भरलेलं आणि गरम होतं. एकाचा हात भाजला, त्याने आमच्या सगळ्या पिढ्यांना शिव्या दिल्या. बाकीचे हातात नळ्या आणि डोक्यावर स्टुलं घेऊन मागे निघाले. "पुढच्या साली बोलवू नका म्हणावं," एक आवाज आला, मला ऐकू यावा एवढा मोठा. "दिवसभर राबायचं आणि वर शिव्या," दुसरा म्हणाला. आजोन वाटभर सांडत गेला. भाकरीपुरती राखलेली लोकांची नाचणी.

काका मागे थांबले होते. माझ्याकडे न बघता, नळीतला गाळ फुंकून काढत म्हणाले, "तू नाचणी नाही म्हणालीस, आम्ही नाचणी आणली. तू दुसरं काही सांगितलं असतंस, तर तेही बघितलं असतं."

मला त्यांचा राग आला. मी कोंबड्यांचं म्हणाले तेव्हा कोण हसलं होतं? पण ते खोटंही बोलत नव्हते. खरं मी सांगितलंच नव्हतं.

"आता दुसरी खुरपणी कोण करणार?" मी विचारलं. "ते तर येत नाहीत म्हणतात."

"काही येतील, काही नाही येणार. कोंबड्या किती आहेत तुझ्याकडे?" त्यांनी नळी काखेत धरली. "मी जातो. ते लोक माझ्यासाठी थेंब ठेवणार नाहीत." आणि गुडघे सांभाळत ते भांड्यामागे गेले.

मी ओकिरोरला झोपडीत नेऊन बसवलं. मीठ घातलेलं पाणी दिलं, चूळ भरायला लावली. लांबून काकांच्या अंगणातलं हसणं सुरू झालं तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. पाऊस आला. आई दुसऱ्या झोपडीतून ओरडत होती, की आता गावात तोंड कसं दाखवायचं.

"अजुलोला कळेल," तो म्हणाला.

"कळेलच. मीच जाणार आहे सांगायला. पाऊस उघडला की निघते."

"काय सांगशील?"

"की एक घोट घेतलास."

त्याची पकड घट्ट झाली. "आणि मी स्वतःहून तुला हाक मारली, ते?"

"ते नंतर."

"आधी ते सांग ना, ताई."

"नाही," मी म्हणाले. "आधी घोटाचं सांगणार. नाहीतर पुढचं ती खरं कशाला मानेल?"

त्याने माझा हात सोडला नाही. मी दुसऱ्या हाताने त्याच्या संध्याकाळच्या गोळ्या काढल्या.